टोमॅटो दरवर्षी हिरवेच राहतात आणि फ्रॉस्ट दारात: चूक कुठे होते, कशी सुधारायची

झाड डोक्याएवढं उंच, पानं काळीभोर हिरवी, घोसच्या घोस लटकलेले, आणि लाल फळ एकही नाही. हवामानाचा अंदाज सांगतो, परवा रात्री २ अंश. थंड प्रदेशातल्या परसबागेतली ही दरवर्षीची तक्रार, आणि तिच्यावर सांगितले जाणारे उपायही ठरलेलेच: पानं काढा, पाणी तोडा, मुळं छाटा. हे उपाय शेवटच्या तीन आठवड्यांतले आहेत. बिघाड मात्र बहुतेक वेळा त्याच्या तीन महिने आधी होऊन गेलेला असतो.

फ्रॉस्ट, म्हणजे हवेतली वाफ पानावरच गोठून पांढरा थर बसणं, आज-उद्यावर आला असेल तर मधलं सगळं सोडून शेवटी अढीच्या भागाकडे जा. हाताशी वेळ असेल तर आधी हिशोब.

पाकिटावरचे दिवस आणि तुमच्या बागेतले दिवस

टोमॅटोच्या बियाण्याच्या पाकिटावर '७५ दिवस' असं लिहिलेलं असतं. हे दिवस बी पेरल्यापासूनचे नव्हेत. सहा ते आठ आठवड्यांचं रोप बाहेर मातीत लावल्यापासून पहिलं फळ पिकेपर्यंतचे ते दिवस, आणि तेही उबदार हवेतले. रात्री ८-१० अंशांवर उतरणाऱ्या बागेत त्याच वाणाला दोन-तीन आठवडे जास्त लागतात.

का लागतात ते साध्या गणिताने कळतं. १० अंशांखाली टोमॅटोची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, त्यातून १० वजा करायचे. उरलं ती त्या दिवसाची कमाई. दुपारी ३० आणि रात्री १८ असेल तर सरासरी २४, कमाई १४. दुपारी २२ आणि रात्री ८ असेल तर सरासरी १५, कमाई ५. म्हणजे एका उबदार दिवसाचं काम उरकायला थंड बागेत जवळजवळ तीन दिवस जातात. कॅलेंडर दोन्हीकडे सारखंच पुढे सरकतं, झाड नाही.

आता समजा, तुमच्याकडे वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट यांच्यामध्ये ११० दिवस मिळतात. रोप शेवटच्या फ्रॉस्टनंतर निदान दोन आठवड्यांनी बाहेर जातं: उरले ९६. शेवटचे तीन आठवडे रात्री १० अंशांखाली जातात आणि फळ रंग धरत नाही: उरले ७५. पाकिटावर ७५ लिहिलेलं वाण तुमच्या हवेत ९०-९५ दिवस मागणार. हिशोब इथेच फसला. पुढे कितीही खत-पाणी केलं तरी तो जुळत नाही. पाकिटावर ५५ ते ६० लिहिलेलं वाण तेवढं बसतं, तेही जेमतेम.

म्हणून आपल्या हवेत न बसणारं वाण हाच सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष आहे. 'ब्रँडीवाईन'सारख्या मोठ्या, चवदार फळाच्या वाणाला उबदार हवेतही ८० ते १०० दिवस लागतात. एखादं झाड हौस म्हणून लावा, भरवसा त्याच्यावर ठेवू नका. 'स्टुपिसे', 'ग्लेशियर', 'सब-आर्क्टिक प्लेंटी' ही लवकर येणारी वाणं आहेत, आणि चेरी टोमॅटो साधारणपणे मोठ्या फळाच्या आधी हाती येतात. 'ओरेगन स्प्रिंग' आणि 'लेजेंड' या वाणांमध्ये आणखी एक सोय आहे: थंडीने पराग निकामी झाले तरी बी न भरता फळ धरण्याची क्षमता त्यांच्यात आहे. ज्यांच्याकडे सुरुवातीची फुलं दरवर्षी गळतात त्यांनी हे दोन आधी करून बघावेत.

फ्रॉस्टची 'सरासरी तारीख' वाचतानाही सावध. सरासरी म्हणजे साधारण निम्म्या वर्षी तो त्याआधीच येऊन गेलेला असतो. हिशोबात दहा दिवस अलीकडची तारीख धरा.

झाड काय सांगतंय ते आधी वाचा

वाण बरोबर असूनही फळं हिरवीच राहात असतील तर खुणा झाडावरच असतात.

पानांची खालची बाजू आणि शिरा जांभळट, आणि लावल्यापासून दोन-तीन आठवडे रोप जागचं हललेलं नाही: माती थंड आहे.

पहिल्या घोसातली फळं वेडीवाकडी, बुडाशी खरबरीत तपकिरी शिवण पडल्यासारखे व्रण, कधी आरपार भोक: कळी घडत असतानाच, म्हणजे फूल उमलण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, झाडाने थंडी खाल्ली. रोप लवकर बाहेर गेल्याचा याहून चांगला पुरावा नाही. ही फळं खायला ठीक असतात, पुढचे घोस आपोआप सरळ येतात.

फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते. ती पिवळी पडून फूल तिथूनच गळत असेल तर फळधारणा झालेली नाही. रात्री १३ अंशांच्या खाली सतत राहिल्या की पराग नीट तयार होत नाहीत. दिवसा पारा ३२-३५च्या वर गेला तरी तेच.

खोड अंगठ्याहून जाड, पानं गर्द हिरवी आणि आत वळलेली, फुलं मोजकी: नत्र (नायट्रोजन) जास्त झालं.

खालच्या घोसांत पूर्ण वाढलेली फळं आहेत, वर बोराएवढी पन्नास, आणि त्याच्याही वर फुलं: शेंडा वेळेवर खुडला नाही.

फळं पूर्ण आकाराची होऊन तीन आठवडे तशीच लटकलीत: मग तापमान बघा. लाल रंग २० ते २५ अंशांत सगळ्यात लवकर चढतो. १२-१३च्या खाली तो रेंगाळतो, १० खाली थांबल्यातच जमा. आणि ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य तयार होणंच बंद पडतं, फळ नारिंगी-पिवळट राहतं. थंड प्रदेशातही प्लास्टिकच्या बंद बोगद्यात दुपारी ३५-४० अंश सहज होतात, त्यामुळे 'एवढं ऊन देऊनही पिकत नाही' ही तक्रार तिथूनच येते. दोन्ही टोकं उघडा.

थंड माती: खरा चोर

हवा २० अंश झाली की माणसाला उन्हाळा आल्यासारखं वाटतं. माती दोन-तीन आठवडे मागे असते. अशा मातीत लावलेलं रोप मरत नाही, आणि खरी फसवणूक तिथेच आहे. ते नुसतं उभं राहतं. मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत, म्हणून पानं जांभळी होतात. लोक स्फुरदाचं खत टाकतात आणि काहीच होत नाही, कारण कमतरता खताची नसून उबेची असते. दोन आठवड्यांनी लावलेलं रोप अशा रोपाला बहुतेक वेळा गाठतं आणि पुढेही जातं.

मोजायची पद्धत अशी. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर १० सेंटिमीटर खोल खुपसा, सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, लागोपाठ तीन दिवस. तिन्ही दिवस १५ किंवा त्याहून जास्त आलं तरच रोप लावा. दुपारी मोजू नका; दुपारचा आकडा वरच्या दोन बोटांचा असतो.

माती लवकर तापवण्याचे उपाय, उपयोगाच्या क्रमाने:

गादीवाफा करा, २० ते ३० सेंटिमीटर उंच. पाणी निथळून जातं, आणि ओल्या मातीपेक्षा वाफशावरची, म्हणजे पाणी निथळून नुसती ओलसर उरलेली माती लवकर तापते.

लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी काळा मल्चिंग पेपर, म्हणजे मातीवर घालायचं पातळ प्लास्टिक, अंथरा. तो मातीला चिकटून बसला पाहिजे. कडा मातीत पुरून ताणून घ्या. खाली हवेची पोकळी राहिली तर पेपर तापतो आणि माती थंडच राहते. पारदर्शक प्लास्टिक काळ्यापेक्षा जास्त तापवतं, पण त्याखाली तण माजतं. त्यामुळे ते फक्त लागवडीपूर्वी वापरून काढून टाका.

पेंढा, वाळलेली पानं, लाकडाचा भुसा हे आच्छादन या काळात बिलकूल नको. ते मातीला उन्हापासून झाकतं, म्हणजे थंडी आत कोंडून ठेवतं. माती १८-२० अंशांवर स्थिर झाल्यावर, पहिला घोस धरल्यानंतर घाला.

लागवडीची खोली हाही मुद्दा आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्यावर मुळं फुटतात म्हणून 'खोल लावा' असं सगळीकडे सांगतात. थंड प्रदेशात खोल म्हणजे आणखी थंड. त्याऐवजी ८-१० सेंटिमीटर खोलीचा आडवा चर काढा, खालची पानं तोडून खोड त्यात निजवा आणि शेंडा हलक्या हाताने वर वळवून १०-१२ सेंटिमीटर बाहेर ठेवा. शेंडा एक-दोन दिवसांत आपोआप सरळ होतो. खोड कोणत्या बाजूला निजलंय तिथे खूण करा, नाहीतर आधाराची काठी नेमकी त्यातूनच जाते.

पाणी सकाळी द्या, आणि शक्य असेल तर पिंपात एक दिवस ऊन खाल्लेलं. नळाचं ८ अंशांचं पाणी संध्याकाळी सोडलं की दिवसभराची कमाई तुम्हीच धुऊन टाकता.

दोन आठवडे आधी लावायचंच असेल तर रोपाभोवती पाण्याने भरलेल्या नळ्यांचं कडं उभं करा, किंवा दोन लिटरच्या सहा-आठ बाटल्या पाण्याने भरून खेटून लावा. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. एक लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता सोडतं, पण तेच गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल सोडतं. म्हणून बाटल्यांतलं पाणी गोठायला लागलेलं दिसलं तर घाबरू नका. त्यातली उष्णता तेव्हा रोपाकडेच जात असते. गोठल्यावर पाणी फुगतं, तेवढी जागा बाटलीत रिकामी सोडा.

रोप: जुनं म्हणजे पुढारलेलं नव्हे

हंगाम छोटा, म्हणून बी बारा आठवडे आधी पेरायचं, हा उपाय उलटा बसतो. छोट्या कुंडीत बारा आठवडे राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल गुंडाळतात, खोड काष्ठासारखं होतं आणि कुंडीतच फुलं येतात. असं रोप जमिनीत गेल्यावर मुळं पसरवायचं सोडून दोन-चार फळं पोसत बसतं. बाहेर लावायच्या तारखेआधी सहा ते आठ आठवडे पुरेत. आणखी लवकर पेरायचं असेल तर कुंडी बदलत जाऊन शेवटी १५ सेंटिमीटरच्या कुंडीत न्यावं लागेल, आणि तेवढा उजेडही द्यावा लागेल.

उगवणीत दिवस वाया जातात ते बघा: टोमॅटोचं बी २५ अंशांत साधारण ६ दिवसांत उगवतं, २० अंशांत ८, १५ अंशांत १४, आणि १० अंशांत सहा आठवडे. खिडकीच्या थंड कट्ट्यावर ट्रे ठेवला तर आठवडा सहज जातो. उगवेपर्यंत उजेडाची गरज नसते, उबेची असते. कोंब दिसले की उलट: दिवसा १८-२१, रात्री १५-१६ आणि १४ ते १६ तास उजेड. दिवा कमी पडला की रोप बोटभर लांब, दोऱ्यासारखं बारीक आणि एका बाजूला कललेलं होतं.

बाहेर काढताना सात ते दहा दिवस कणखर करा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज तास-दीड तास वाढवत उन्हात, वाऱ्यात. ही पायरी टाळली की पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. त्याला लोक रोग समजतात, ते उन्हाने भाजणं असतं. नवीन पानं ठीक येतात, पण रोप आठ-दहा दिवस मागे पडतं, आणि तुमच्याकडे एकूण होते पंचाहत्तर.

नत्र, फुलं आणि कात्री

लागवडीपूर्वी ३ ते ५ सेंटिमीटर जाडीचा चांगला कुजलेला कंपोस्टचा थर मातीत मिसळा. बहुतेक बागांत सुरुवातीला एवढं पुरतं. पहिल्या घोसात फळं गोटीएवढी होईपर्यंत नत्राचं खत देऊ नका. त्यानंतर पालाश (पोटॅश) जास्त असलेलं टोमॅटोचं द्रवखत, डब्यावरच्या मात्रेत, दहा-पंधरा दिवसांनी. ताजं शेणखत, कोंबडीखत, हिरवळीसाठीचं खत यांनी झाड देखणं होतं आणि हंगाम पानांतच संपतो. जास्त झालंच असेल तर काढून घेता येत नाही. खत थांबवा, बगलफुटी (पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारे फुटवे) काढत राहा, आणि वाट बघा.

क्रॉप कव्हरखाली (पिकावर घालायच्या हलक्या कापडाखाली) किंवा बोगद्यात वारा लागत नाही. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण पराग हलवायला कुणीतरी लागतं. हवा कोरडी असताना, दुपारच्या आधी, घोसाच्या देठावर बोटाने टिचक्या मारा, एक दिवसाआड. बारीक पिवळी पूड उडताना दिसली तर काम झालं.

छाटणी वाणावर अवलंबून. ठराविक उंचीला थांबणाऱ्या झुडुपी वाणांना कात्री लावू नका. काढलेली प्रत्येक बगलफूट म्हणजे तिथे एक घोस कमी. उंच वाढत जाणाऱ्या वाणांच्या बगलफुटी ५ सेंटिमीटर व्हायच्या आत बोटांनी मोडा आणि एक, फार तर दोन खोडं ठेवा. छोट्या हंगामात चार घोस पिकवणं जमतं, आठ नाही.

आणि मग तो शेंडा. फूल उमलल्यापासून फळ पूर्ण वाढायला सुमारे ४० दिवस लागतात, रंगायला त्यापुढे आणखी १०-१५. थंड हवेत याहून जास्त. म्हणजे फ्रॉस्टच्या पाच-सहा आठवडे आधीपासून उमललेलं फूल घरात आणून पिकवण्याजोगंही फळ देणार नाही. त्या तारखेला शेवटच्या धरलेल्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून शेंडा खुडा, आणि त्यानंतर येणारं प्रत्येक फूल काढा. हे करायला हात धजावत नाही, कारण तेव्हा भर उन्हाळा असतो आणि झाड जोमात असतं. पण तक्रारीचा बराच भाग इथेच सुटतो.

शेवटच्या महिन्यातले उपाय, आणि त्यांची खरी किंमत

फळाला ऊन लागावं म्हणून पानं ओरबाडू नका. फळ पिकतं ते उबेने, उजेडाने नाही. पान गेलं की साखर बनवणारा कारखाना गेला, आणि उघड्या पडलेल्या फळाला ऊन लागून पांढरे, मऊ डाग पडतात. खालची पिवळी पडलेली पानं आणि मातीला टेकलेली पानं काढणं वेगळं. ते हवा खेळायला आणि करपा टाळायला हवंच.

पाणी कमी करणं थोडं उपयोगी आहे, पूर्ण तोडणं नाही. कोरड्या मातीवर एकदम पाऊस झाला की फळं तडकतात. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही अनियमित पाण्यामुळे. मातीत कॅल्शियम असतं, पाण्यावाचून ते फळापर्यंत पोहोचत नाही.

मुळं छाटणं हा जुगार आहे. खोडापासून २५ सेंटिमीटरवर, अर्ध्याच वर्तुळात, फावडं २० सेंटिमीटर खोल सरळ घालायचं. ताण बसला की झाड नवीन वाढ सोडून असलेल्या फळांकडे वळतं. फ्रॉस्टच्या तीन आठवडे आधी, मोठ्या आणि निरोगी झाडावर, दिवस अजून १८-२० अंशांचे असताना केलं तर फरक दिसू शकतो. रात्री १० खाली गेल्यावर केलं तर नुसतं झाड सुकतं.

याहून जास्त फायदा पहिला फ्रॉस्ट टाळण्यात आहे. अनेकदा एखाद-दुसरी गोठणारी रात्र येते आणि मग दोन आठवडे छान जातात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच गारठा, अशी रात्र धोक्याची. अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं. तशा रात्री जमिनीलगत ते २ ते ४ अंशांनी कमी असू शकतं. म्हणून अंदाज ३ अंश असला तरी झाका.

झाकताना कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडांवर दगड ठेवले पाहिजेत, कारण ऊब मातीतून वर येते. शेंड्याला कापड गुंडाळून खोडाशी दोरीने बांधलं तर मातीची ऊब बाहेरच राहते, झाडाला काही मिळत नाही. जाडसर क्रॉप कव्हर किंवा जुनी चादर दोन-तीन अंश राखते. प्लास्टिक वापरायचं तर पानांना टेकू देऊ नका. टेकलेलं पान तिथेच गोठतं. सूर्य मावळायच्या आधी झाका, सकाळी पारा ५च्या वर गेला की काढा.

मिरची आणि वांगं टोमॅटोपेक्षाही जास्त ऊब मागतात: माती १८, रात्री १५, आणि मिरचीचं बी आठ ते दहा आठवडे आधी. मिरची हिरवीही चालते, त्यामुळे तिथे रडारड कमी. लाल भोपळ्याचं उलट आहे. तो वेलीवरच तयार व्हावा लागतो आणि त्याला फळ धरल्यापासून ५०-५५ दिवस लागतात. वेलीवर दोन-तीन फळं ठेवून शेंडा मोडा. खरबुजाची गोडी तोडल्यानंतर वाढत नाही, त्यामुळे पुढचं काही त्याला लागू नाही.

अढी

सगळ्यात मोठी चूक शेवटची आहे: फ्रॉस्टपर्यंत फळ झाडावर ठेवणं. १० अंशांखालच्या रात्री लागोपाठ आठ-दहा झाल्या की फळ आतून थंडी खातं. वरून चांगलं दिसतं, पण घरात आणल्यावर डागाळत रंगतं, बेचव राहतं, देठाशी काळं पडून सडतं. प्रत्यक्ष गोठलेलं फळ तर पाणथळ होतं आणि टिकतच नाही. त्यामुळे रात्री सलग १०च्या खाली राहणार असं दिसलं की तोडा, मग दिवसा कितीही छान ऊन असो.

कोणती पिकतील? एक फळ नमुन्याला आडवं कापा. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि सुरी फिरताना बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील तर ते पाडाला आलंय, त्या आकाराची आणि तशा फिकट, किंचित चकाकणाऱ्या सालीची बाकीची पिकतील. बिया सुरीखाली सहज कापल्या गेल्या आणि गर कोरडा असेल तर ते फळ कोवळं आहे. अढीत ते फक्त सुरकुततं. अशी फळं वेगळी काढून लगेच शिजवून संपवा. बुडाला फिकट गुलाबी चांदणी उमटली असेल तर ते फळ झाडावर ठेवण्यात आता काहीच फायदा नाही; ते घरातही तितकंच छान पिकतं.

तोडलेली फळं चार ढिगांत लावा: रंग फुटलेली, पाडाची, कोवळी, आणि तडकलेली किंवा डाग असलेली. तेलकट तपकिरी चट्टा, हाताला टणक लागणारा, दिसला तर तो करपा. असं एकही फळ अढीत जाऊ देऊ नका. ज्या झाडावर करपा होता त्याची चांगली दिसणारी फळंही वेगळ्या खोक्यात, पाच-सहा दिवस नजरेखाली ठेवा.

देठ काढा, नाहीतर तो शेजारच्या फळाला टोचतो. ओली असतील तर पुसून कोरडी करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद अंथरून एकच थर लावा, फळं एकमेकांना टेकू न देता, आणि वर कागद टाका. प्लास्टिकची पिशवी नको. आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. खिडकीतलं ऊनही नको.

खोलीचं तापमान १८-२१ असेल तर पाडाची फळं साधारण दोन आठवड्यांत रंगतात. १३-१५ अंशांच्या खोलीत तीन-चार आठवडे लागतात, आणि हीच खरी सोय आहे: अर्धी खोकी उबदार जागी, अर्धी थंड जागी ठेवली की महिनाभर पुरवून खाता येतात. फ्रीजमध्ये हिरवं फळ कधीच पिकत नाही. खोक्यात एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद ठेवलं तर त्याच्या इथिलीन वायूने पिकणं लवकर सुरू होतं. एकदा रंग फुटला की टोमॅटो स्वतःच तो वायू सोडतो, म्हणून रंग फुटलेलं एखादं फळही हेच काम करतं. संपूर्ण झाड उपटून उलटं टांगायची पद्धतही चालते, फक्त पिकलेली फळं रात्री धपाधप जमिनीवर पडतात आणि सकाळी फरशी पुसावी लागते.

दर दोन दिवसांनी खोकं उघडा, प्रत्येक फळ उचलून बुडाकडून बघा. मऊ पडलेलं, ओलसर झालेलं फळ लगेच बाहेर, कारण एका फळाचा रस शेजारच्या चारांना लागतो. रंग भरलेलं वेगळं काढा. चार आठवडे होऊनही जे हिरवंच आहे आणि साल ढिली पडली आहे ते कोवळं तोडलं गेलं होतं. ते कंपोस्टला घाला, आणि त्याचं फूल कधी उमललं असेल याचा अंदाज करून शेंडा खुडायची पुढच्या वर्षीची तारीख एक आठवडा अलीकडे ओढा.